पापड लाल पडले तेव्हा

घामाबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. कष्टाचा घाम म्हणे, घामाची भाकरी म्हणे. ज्यांचा घाम काम संपल्यावर पुसला जातो त्यांनी बोलावं हो असलं. माझ्या तळहातांना सुटायचा त्या घामाचा कष्टाशी काडीचा संबंध नव्हता. बसल्या जागी, पंख्याखाली, ऐन पौषातल्या थंडीतसुद्धा तो यायचा, आणि यायचा म्हणजे नुसता ओलसरपणा नव्हे, बोटांच्या टोकांवरून थेंब पडायचे. देवळात कुणी हातावर साखर ठेवली की तोंडात टाकेपर्यंत तिचा पाक व्हायचा. परीक्षेत मनगटाखाली रुमाल, रुमालाखाली टीपकागद, तरी शाई फुटायचीच. नागपंचमीला पोरी फेर धरायच्या तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंना भांडण, हिचा हात कोण धरणार म्हणून. "शी! मासोळी धरल्यावानी वाटतंय," असं एकीनं एकदा म्हटलं आणि मी फेरातून बाहेर पडले, ती पुन्हा कधी फेरात शिरले नाही. दारावर बांगड्या भरायला येणारी मनियारीण चाची तेवढी माझ्यावर खूश असायची. माझा पंजा हातात घेऊन दाबायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "इसके हात कू साबन की जरूरतच नै, माँ!" सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. आतून मात्र त्या हातांची मला इतकी किळस होती की भात कालवताना मी स्वतःच्या बोटांकडं बघायचे नाही.

हात निदान पाठीमागं लपवता येतात. तोंड कुठं लपवणार? माझं तोंड असं होतं की कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी मानेपासून कानाच्या पाळीपर्यंत लालबुंद व्हायचं. लाजून नव्हे, रागानं नव्हे, कशानंच नव्हे. आतून गरम वाफ वर चढतेय एवढं कळायचं, आणि कळलं की ती आणखी चढायची. शाळेत कुणाचं पेन हरवलं की बाई सगळ्या वर्गावरून नजर फिरवायच्या आणि माझ्यावर येऊन थांबायच्या. 'चोराच्या मनात चांदणं' ही म्हण पुस्तकात यायच्या आधीच मला तोंडपाठ झाली होती. पेन सापडायचं, कधी जिचं तिच्याच दप्तरात, कधी बाकाखाली. पण 'चुकलं गं बाई' असं मला येऊन कुणी म्हटल्याचं आठवत नाही. आजकाल टीव्हीवर कुणीतरी सांगत असतं, माणसाचा चेहरा वाचायला शिका. मी टीव्ही बंद करते. चेहरा वाचणारी पुष्कळ माणसं मी पाहिलीत, एकालाही अक्षर लागत नव्हतं.

आम्ही औरंगाबादला, चिकलठाण्यात राहायचो, कारखान्यांच्या मागल्या अंगाला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर जायचे. गावाकडची जमीन वाट्यानं लावलेली होती. ज्वारी, तूर आणि शेंगांची पोती तिथून यायची आणि पुढच्या खोलीत त्यांची थप्पी लागायची, त्यामुळं घराला कायम गोणपाटाचा आणि धान्याला लावलेल्या पावडरीचा वास. सकाळी कारखान्याचा भोंगा, त्याच्यात मिसळून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज, दिवसभर जालना रोडवरच्या ट्रकांची घरघर, आणि मधूनच एखादं विमान इतकं खालून जायचं की मांडणीवरच्या कपबशा किणकिणायच्या. घरात आई, अण्णा, माझी थोरली बहीण शोभाताई, मी, आणि काकू. काकू म्हणजे अण्णांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, पण काकूचा मान कमी झाला नाही, उलट वाढला. किल्ल्या तिच्या कमरेला, शब्द तिचा, आणि चूक नेहमी दुसऱ्याची. आई तिच्यासमोर बोलायची नाही. म्हणजे खरंच बोलायची नाही, मान हलवून हो-नाही सांगायची. काकूचा हात स्वयंपाकाला चांगला होता हे मात्र कबूल करायला पाहिजे. तिची येसराची आमटी, पाट्यावरचा लसणाचा ठेचा, तव्यावरून थेट ताटात पडणारी धपाटी आणि वर दह्याचा गोळा. आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं, लगेच काकू आठवते आणि ते पाणी गिळवत नाही.

त्या घरात बाईची किंमत हातावरून ठरायची. लोणच्याला कुणाचा हात लागावा, विरजण कुणी लावावं, तिळाचा पाक कुणी ढवळावा, सगळं ठरलेलं. माझा हात कशालाच चालायचा नाही. "पाणचट हात हाय हिचा, समदं नासवील," असं काकू आल्यागेल्याला सांगायची, आणि मी तिथंच उभी असायचे. पाहुण्यांना पाणी द्यायचं तर तांब्या फडक्यात धरून. तो तांब्या पुढं करताना माझं तोंड पेटलेलं असायचं आणि पाहुणे म्हणायचे, "लाजाळू हाय का पोरगी?" काकू म्हणायची, "लाजंल कशाची! तसंच हाय ते." म्हणजे तिला ठाऊक होतं. माझं तोंड 'तसंच' आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं जे झालं ते वाचताना एवढं लक्षात असू द्या.

शोभाताईचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात घरात पापडांचा घाट घातला. लग्नात नवरीकडचं रुखवत मांडतात, त्यात घरच्या हातच्या पापड-कुरडया हव्यातच. विकतचे मांडले तर सासरच्या बाया पदराआड हसतात. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा संपलेली. गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आमच्याकडं जमल्या. उडदाचं पीठ, कुटलेले मिरे, हिंग आणि पापडखार. खार घालायचं काम काकूचं, मुठीच्या अंदाजानं. दुसऱ्या कुणाला त्या पुडीला हात लावायची परवानगी नव्हती. आई पाट्यावर वरवंट्यानं पीठ कुटायची, तेलाचा हात लावून पुन्हा कुटायची, घामानं तिचा अंबाडा सुटून यायचा. मग दोऱ्यानं लाट्या कापायच्या आणि लाटण्यांचा घसघस आवाज सुरू. हिंगाचा वास नाकात बसायचा तो दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत जायचा नाही. बायांच्या गप्पा, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी, मधूनच चोरून तोंडात टाकलेली कच्ची लाटी. ती लाटी मलाही आवडायची, पण माझ्या हातात कुणी द्यायचं नाही, शोभाताई हळूच माझ्या तोंडात घालायची.

पापडाचा एक नियम होता. जिला कावळा शिवलाय, म्हणजे जी महिन्याची बाहेर बसलीय, तिनं त्या घरात पाऊल टाकायचं नाही. तिचा हात तर सोडाच, सावली पडली तरी पापड लाल पडतात, असं सगळ्या मानायच्या. काकू उंबऱ्यात उभी राहून एकेकीला विचारायची, "ठीक हायस ना गं?" पुरुष ओसरीवर बसलेले असले तरी विचारायची. बाया मान डोलवून आत यायच्या. मला लाटायला बसायची बंदीच होती. लाटलेले पापड सुपात घालून गच्चीवर न्यायचे आणि बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर मांडायचे, एवढं माझं काम, तेही हातांना फडकं गुंडाळून. वर ऊन असं की चप्पल काढली तर पाय भाजावा. मी छत्री धरून कावळे हाकत बसायचे. फडकी पिळून काढण्याइतकी ओली व्हायची, मी ती कठड्यावर वाळत टाकायचे, दुसरी गुंडाळायचे. पापडाला माझं बोट कधी लागलं नाही.

पापड डब्यांत भरले गेले. काही दिवसांनी, शेवयांचं काम काढलं तेव्हा, गल्लीतल्या बाया पुन्हा जमल्या होत्या. काकू म्हणाली, चला, चव तरी बघू. तिनं कढई चढवली आणि पहिला पापड सोडला. तो निघाला तो लाल. विटेच्या रंगाचा, वर काळपट ठिपके. तिनं दुसरा सोडला, दुसऱ्या डब्यातला तिसरा सोडला. सगळे तसलेच. काकूनं झारा कढईत तसाच ठेवला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोण बाहेरची होती गं त्या दिवशी?"

मी दारात उभी होते. ती वाफ पायातून निघाली ती सरळ डोक्यात. कान जळायला लागले.

"घ्या!" काकू म्हणाली. "आता कशाला कुणाला इचारायचं? तोंड बघा तिचं."

"मी नव्हते, काकू."

"नव्हतीस तर पेटलीस काहून?"

"माझं तोंड असंच होतं. तुला ठाऊक हाय ना."

"सारखंच होतं. पण आत्ताच काहून झालं? आं? इतक्या बाया बसल्यात, कुणाचं झालं का?"

मी बायांकडं बघितलं. त्यातल्या निम्म्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलेलं. एकीनं मान खाली घातली, एकीनं 'बई बई' करत तोंडाला पदर लावला. काकू उठली. तिनं माझा दंड धरला आणि मला मोरीत नेलं. तिथं तिनं काय बघितलं आणि कसं, ते मी लिहिणार नाही. दार लोटलेलं होतं, कडी लावलेली नव्हती, एवढं लिहिते. बाहेर कुणीतरी गॅस बारीक कर म्हणून सांगत होतं. मी बादलीतल्या पाण्याकडं बघत होते, त्यात एक माशी पडून गोल गोल फिरत होती. इतक्या वर्षांनी त्या मोरीचा ओला, साबणाचा, शेवाळाचा वास एकदम नाकात येतो आणि मला खरोखर उलटी होते. आमच्या ह्यांना वाटतं पित्त झालं.

बाहेर येऊन काकू म्हणाली, "आत्ता नाय. तवा असंल."

झालं! बघूनसुद्धा बघितलेलं खरं नाही, तोंड खरं. मी रडायला लागले, त्यानं तोंड आणखी लाल झालं. तेव्हा आई उठून माझ्याजवळ आली. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आता ही बोलेल. एकदा तरी काकूला म्हणेल, माझ्या लेकीला सोडा म्हणून. ती माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "सांगून टाक ना गं माय. एकदा व्हय म्हण, संपून जाईल समदं."

मी म्हटलं, "व्हय. होते."

पुढचं काय सांगायचं. घरभर गोमूत्र शिंपडलं. माझ्या डोक्यावरून पाणी ओतलं. डबेच्या डबे शेजारच्या गोठ्यात नेऊन रिकामे केले, म्हशींनी ते चवीनं खाल्ले आणि त्यांचं काही बिघडलं नाही. नव्यानं पीठ आणलं, नव्यानं लाटणं झालं, आणि तेवढे दिवस मला गावाकडं धाडलं. आता मी स्वतः पापड करते, म्हणून खात्रीनं सांगते. खार मापापेक्षा जास्त पडला की पापड तळताना लाल पडतो. बाईचा त्यात काही संबंध नाही. मूठ काकूची होती.

लग्नात मांडवभर ती गोष्ट माझ्या आधी पोचली होती. मी वाढायला उभी राहिले की बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. नंतर मला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या मावशीनं माझ्याकडं निरखून बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हिचं मन कुठं गुंतलंय का? बोललं की लाल होतीया." स्थळ मोडलं. काकू अण्णांना म्हणाली, "ह्या तोंडानं हिला कोण करून घेणार? बदनाम करंल खानदानाला." खानदान म्हणे! अण्णा भला माणूस, पण भल्या माणसाला घरात फार किंमत नसते. त्यांनी कारखान्यात कुणाकुणाला विचारलं. आधी छावणीतल्या एका चामडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बाटलीतलं औषध दिलं, त्यानं हाताची आग व्हायची. मग पाण्याच्या ट्रेमध्ये हात बुडवून त्यात विजेचा बारीक झटका द्यायचे, त्यानं फक्त मुंग्या यायच्या. शेवटी त्यांनीच सांगितलं, दुर्बिणीचं ऑपरेशन निघालंय, हाताचा घाम आणि तोंडाची लाली दोन्ही एकदम जातील.

त्या सर्जनसमोर आम्ही बसलो होतो ते मला लख्ख आठवतं. अण्णा, काकू, आई आणि मी. डॉक्टरांनी कागदावर छातीचा पिंजरा काढून दाखवला. मणक्याच्या दोन्ही अंगांना आतून एक बारीक नस जाते, तिच्या हुकमावर हाताला घाम सुटतो, तोंड लाल होतं. काखेतून दुर्बीण घालायची, फुप्फुस जरा बाजूला सारायचं, नस कापायची. एकदा कापली की परत जोडता येत नाही. मग पेनचं टोपण लावता लावता म्हणाले, "अंगातला घाम थोडा दुसरीकडं जातो. पाठ, पोट, मांड्या. कुणाला कमी, कुणाला जास्त."

अण्णा काळजीत पडले. काकू पुढं सरकली. "म्हंजे कपड्याच्या आत ना?"

"हो, आतच."

"मग जाऊ द्या की! कुणाला दिसतंय?"

तिघांचेही चेहरे मोकळे झाले. अण्णांनी सही केली. मला कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, ते लपवत नाही. मला असं तोंड हवं होतं की त्याच्याकडं बघून कुणाला काहीही कळू नये. मी त्या ऑपरेशनची वाट बघत होते, दुसऱ्या पोरी लग्नाची बघतात तशी.

शुद्धीवर आले तेव्हा छातीत कुणी मुसळ घातल्यासारखं दुखत होतं. श्वास अर्धाच आत जायचा. बरगड्यांतून एक नळी निघाली होती आणि तिच्यातून गुलाबी पाणी बाटलीत उतरत होतं. काखेत चिकटपट्ट्या, औषधाचा वास, तोंडात कडू चव. मग मी मूठ मिटली. कोरडी! कोरडी आणि गरम. बोटावर बोट घासलं तर आवाज येत होता. मला तो हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. काकू खाटेजवळ आली, तिनं माझा तळहात उलटा केला, उन्हातला पापड दाबून बघतात तसा अंगठ्यानं दाबला आणि म्हणाली, "वाळला की गं!" आई पायथ्याशी उभी राहून रडत होती. हुंदके देऊन रडत होती, थांबेचना. मला वाटलं, आनंदानं.

महिना-दीड महिना मी हवेत होते. वहीवर हात टेकून लिहायचे. येईल त्याला हातानं पाणी द्यायचे, बिनफडक्याचं. मग ऊन वाढलं. आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते सांगायला नको. एका दुपारी मी खुर्चीवरून उठले आणि खुर्चीवर पाणी साचलेलं होतं. मला वाटलं, तांब्या कलंडला. शी! तो मी होते. छातीवर कुणी रेघ ओढावी तसं झालं होतं; रेघेच्या वर टाच फुटावी तशी कोरडी कातडी, डोकं भट्टीसारखं तापलेलं पण कपाळावर थेंब नाही, आणि रेघेच्या खाली पाट सुटलेले. पाठीच्या पन्हाळीतून धार, पोटाच्या वळीतून धार, मांड्यांना परकर चिकटलेला, चालताना पचपच आवाज. पावडर लावली तर तिचा लगदा व्हायचा आणि त्याला आंबूस वास सुटायचा. तिखट काही खाल्लं तरी पाझर. काकूच्या ठेच्याचा एक घास आणि कंबर ओली. डॉक्टरांकडं गेलो तर ते म्हणाले, "सांगितलं होतं ना तुम्हाला." सांगितलं होतं खरं. थोडा, म्हणाले होते. पुढं मी शाळेत शिकवायला लागले. फळ्याकडं तोंड केलं की मागून खुसखुस ऐकू यायची, कारण पदर कितीही ओढला तरी पाठ भिजलेली दिसायचीच. मी अर्धं आयुष्य वर्गाकडं तोंड करून आडव्या हातानं फळा लिहिलाय. आज पन्नाशी ओलांडल्यावरसुद्धा कुणाच्या घरी गेले की आधी बघते, खुर्ची कापडाची आहे की प्लास्टिकची.

आणि ज्या तोंडासाठी हे सगळं केलं, त्या तोंडाची कथा ऐका. माझं लग्न ठरलं. बघायला आले ते म्हणाले, किती शांत मुलगी, तोंडावर कसला उथळपणा नाही. हळदीला बाया जमल्या, उखाणा घे म्हणून मागं लागल्या, चावट चावट चिडवायला लागल्या. मी उखाणा घेतला. आतून मला लाज वाटत होती हो. पण तोंड पांढरंफटक. ते लाल होणंच कापून टाकलं होतं ना. बायांचं हसू हळूहळू विरलं आणि एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बई, पोरगी लाजत बी नाय. निगरगट्ट दिसतीया." तेव्हा लाल झाले तर पापी, आता लाल होत नाही तर निर्लज्ज. घ्या! आमच्या ह्यांनीसुद्धा पुष्कळ दिवसांनी विचारलं, "तुला मी आवडत नाय का? काही बोललं तर तोंडावर काहीच उमटत नाय." मी त्यांना काखेतले व्रण दाखवले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग तू तोंडानं सांगत जा. मी ऐकत जाईन." एवढा एक माणूस बरा निघाला.

अण्णा गेले, काकू गेली. शोभाताई तिच्या संसारात. शेवटची काही वर्षं आई माझ्याकडं होती, सिडकोतल्या घरी. शहराचं नाव बदललं तरी ती औरंगाबादच म्हणायची. काकू नसल्यामुळं तिला वाचा फुटली होती. दिवसभर बोलायची, पोळीवर तूप कमी पडलं तर तक्रार करायची, मला ते आवडायचं. अशीच एक उन्हाळ्यातली दुपार होती. कूलर घरघरत होता, मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून तिच्यासाठी कलिंगडाच्या फोडी करत होते. तिनं माझ्या पाठीला हात लावला आणि तो एकदम मागं घेतला.

"लई घाम गं तुला."

"आता काय नवीन आहे का ते, आई?"

ती आपल्या ओल्या तळव्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "नंदे, त्या पापडाच्या येळंला मीच बाहेरची व्हते."

मी सुरी खाली ठेवली.

"पाळी नेमाची ऱ्हायली नव्हती माझी. पीठ कुटायला बसले अन् कळलं. उठून सांगितलं असतं तर तिनं समदं पीठ फेकायला लावलं असतं. लगीन तोंडावर. म्हणलं, गप बसावं, काय व्हतंय. मंग पापड लाल पडले."

"आई, पापड खारानं लाल पडतात. काकूनं खार जास्त घातला होता."

"नाय गं. माझ्यानंच पडले." तिनं मान हलवली. तिचा त्याच्यावर अजून पुरता विश्वास होता. "मला दरदरून घाम फुटला व्हता तवा. आता इचारंल, मंग इचारंल. पण माझ्याकडं कुणी बघितलंच नाय. तुझं तोंड पेटलं, समदी तिकडंच बघाया लागली. मला वाटलं, सुटले बाई."

म्हणजे तिला ठाऊक होतं. मोरीचं दार लोटलेलं होतं तेव्हा ठाऊक होतं. माझ्या पाठीवर हात ठेवून 'एकदा व्हय म्हण' म्हणाली तेव्हा ठाऊक होतं. डॉक्टर कागदावर माझी छाती काढून दाखवत होते, तेव्हा ती शेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि तिला ठाऊक होतं. आणि ते रडणं. मी इतकी वर्षं त्याला आनंद समजत होते. मला तिची किळस आली. आईची, स्वतःच्या आईची, त्या बोळक्या तोंडाची, माझ्या पाठीला लागून ओल्या झालेल्या त्या हाताची. मला ओरडायचं होतं, कलिंगडाचं ताट भिंतीवर फेकायचं होतं. पोटावरून, पाठीवरून पाण्याचे लोट सुटले, पलंगावरची चादर माझ्याखाली भिजत गेली. ती वाफही आली, जुनी, ओळखीची. छातीपर्यंत चढली आणि तिथंच थांबली.

आई माझ्या तोंडाकडं बघत होती. टक लावून, भेदरून, मोरीतून बाहेर आल्यावर मी तिच्या तोंडाकडं बघितलं होतं तशी. मग तिनं हात उचलून माझ्या गालाला लावला. गाल कोरडा होता, गार होता. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या.

"नाय आला तुला राग," ती म्हणाली. "आला असता तर तोंडावर दिसला नसता व्हय? इतके दिस उगंच भीत व्हते मी."

आणि भिंतीकडं कूस करून ती निवांत झोपली.